उघड्या पत्र्यावरचा हात

माझ्या वडिलांच्या हाताला गंज आहे असं लोक म्हणायचे, आणि त्यात अतिशयोक्ती काहीच नव्हती. त्यांच्या घामात असं काहीतरी होतं, की साधं पोलाद हातात धरलं की दुसऱ्या दिवशी त्यावर बोटांचे तपकिरी ठसे उमटायचे. अशी माणसं असतात. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही, कारण ती कारकून होतात नाहीतर शिक्षक होतात, आणि कागदाला गंज चढत नाही. बाबा नेमके गेले गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात.

तेव्हा ते विशीत होते. काम तपासणीचं होतं: चकचकीत पिना मापून बघायच्या आणि खोक्यात रचायच्या. तिसऱ्या आठवड्यात एक अख्खं खोकं परत आलं. प्रत्येक पिनेवर एकेक अंगठा उमटलेला. फोरमनने खात्यातल्या नऊही जणांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाला घासून लख्ख केलेली पोलादाची एकेक पट्टी मिनिटभर मुठीत धरायला लावली. पट्ट्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर उघडल्या. आठ स्वच्छ निघाल्या. नववी बघून फोरमन म्हणाला, "हा बघा आपला गंज्या." झालं. त्या दिवसापासून बाबांचं खरं नाव फक्त कागदपत्रांवर उरलं. आई तर त्यांना पहिल्यापासून 'अहो' म्हणायची, त्यामुळे घरातही ते नाव कधी कानावर पडलं नाही.

फोरमनने त्यांना मागच्या शेडमध्ये, लेप देण्याच्या खात्यात पाठवलं. तिथे थिनरचा वास डोक्यात जायचा आणि दिवसभर हातमोजे घालावे लागायचे, म्हणून कुणी जायला तयार नसे. शिक्षा म्हणून गेलेला हा माणूस तिथे एकतीस वर्षं राहिला. गंजाशी त्यांचं वैर जमलं ते असं. दुसऱ्या कुणाला गंज ही वस्तूची खोड वाटते. बाबांना ती स्वतःची वाटायची, म्हणून ते तिच्या मागे हात धुऊन लागले होते.

कारखाना बंद पडला तेव्हा तिथलाच एक वेल्डर त्यांना मालकीणबाईंच्या वर्कशॉपमध्ये घेऊन आला. जुन्या गाड्या सुट्या करायच्या, पत्रा खरवडून नागडा करायचा, सडलेला भाग कापून नवा जोडायचा आणि गाडी पुन्हा उभी करायची, असं इथलं काम. वेल्डर बाबांसोबत त्यांचं टोपणनावही घेऊन आला होता. पहिल्याच दिवशी मालकीणबाईंनी विचारलं, "गंज्या म्हणजे काय?" वेल्डर सारवासारव करायला लागला, पण बाबांनी सरळ सांगून टाकलं.

मालकीणबाई वयाने बाबांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण त्यांच्यापुढे शब्द जपून वापरावा लागे. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही खरं सांगितलंत, बरं वाटलं. काम द्यायला माझी हरकत नाही. पण उघड्या हाताचा एक जरी ठसा माझ्या गाडीवर निघाला, तर तो तुमचा इथला शेवटचा दिवस."

"कबूल," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ब्रश घेऊन भिंतीवर लिहिलं: 'नागड्या पत्र्याला हात नाही.' मालकीणबाईंचं म्हणणं होतं की जरा बरा शब्द घाला, गिऱ्हाइकं येतात. बाबा म्हणाले, "बरा शब्द घातला तर कुणी वाचणार नाही." ती पाटी आजही तशीच आहे.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. पत्रा घासून झाला की थिनरची दोन फडकी, एक ओलं आणि एक कोरडं, पाठोपाठ फिरायची. थिनर नुसतं लावून ठेवलं तर घाण जागच्या जागी वाळते, म्हणून ओल्याच्या मागे कोरडं लगेच. मग पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेलाच पाहिजे. "उद्या करू" हे शब्द त्यांच्या खोलीत चालत नसत. स्प्रे गन सुरू झाली की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हात थांबायचा नाही. मधेच थांबलं की तिथे रेघ राहते. एकदा वेल्डरच्या फडक्याने पेट घेतला, आम्ही सगळे धावलो, आणि हे मात्र बॉनेट पूर्ण करूनच बाहेर आले. "विझलं का?" एवढंच विचारलं. आणि शेवटी दाराच्या पोटात, जिथे कुणी कधी बघणार नाही तिथे, लांब नळीने पातळ मेण मारायचं. "दिसतं ते लोकांसाठी, दिसत नाही ते गाडीसाठी," असं म्हणायचे.

घरी मात्र त्यांची सगळी पत आई घालवायची. आई शिवणकाम करते. तिच्या सुया, कात्री, मशीनचा पाय यांच्या आसपास बाबांना फिरकायची बंदी होती. त्यांच्यासाठी एक वेगळी कात्री होती, मुठीला कापड गुंडाळलेली. किल्लीला प्लॅस्टिकची टोपी. पट्ट्याचं बक्कल वर्षात दोनदा बदलायचं. माझ्याही हाताला आई सुया लागू द्यायची नाही. "तू धांदरट आहेस, मोडशील," म्हणायची. मी धांदरट आहेच, त्यामुळे मला कधी शंका आली नाही.

मी वर्कशॉपमध्ये कशी आले ते थोडक्यात सांगते. शिकून एका ऑफिसात चिकटले होते, तिथे साहेबाशी भांडले. दुसऱ्या ऑफिसात दुसऱ्या साहेबाशी भांडले. आई म्हणाली, हिच्या नाकावरचा राग कुठलाच साहेब सहन करणार नाही. मग मीच म्हटलं, बाबांकडे काम शिकते. बाबा दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक पट्टी काढली, पॉलिश पेपरने घासून लख्ख केली आणि माझ्यापुढे धरली. "घट्ट धर. पाची बोटं."

मी धरली. त्यांनी ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. सकाळी चहा घेताना मी विचारलं, "काय झालं पट्टीचं?"

"स्वच्छ," ते म्हणाले. "आईवर गेलीस."

"दाखवा की."

"आता कुठली? प्रायमरचा नमुना मारला त्यावर."

मला खरं तर हायसं वाटलं. बाबांचं कौतुक मला होतंच, पण त्यांचं नाव मला नको होतं. वर्कशॉपमध्ये वेल्डर मला 'पोरी' म्हणायचा आणि मालकीणबाई नावाने हाक मारायच्या. दोन्ही ठीक होतं.

हातमोज्यांवरून मात्र बाबांनी माझा जीव नकोसा केला. वेल्डर पत्र्याला सर्रास हात लावायचा, त्याला एकदा ओरडायचे. मला दहा वेळा. मी म्हणायची, "तुम्हीच म्हणालात ना, माझे हात स्वच्छ आहेत म्हणून?"

"तरी घाल."

"वेल्डरकाकांना नाही सांगत तुम्ही इतकं."

"तो माझी मुलगी नाही."

मी घालायची. पण मनात पक्कं बसलं होतं, की माझ्यासाठी हा नुसता नियम आहे, गरज नाही.

मी लागून चार महिने झाले असतील, तेव्हाची गोष्ट. एका डॉक्टरीणबाईंची गाडी आली होती, त्यांच्या वडिलांची, खूप जुनी. तिचं डावं दार खरवडून, पुसून आकड्याला टांगलं होतं. डबा खाऊन मी नुकतीच परत आले होते, हातमोजे अजून खिशातच. बाबा पाठमोरे, गनमध्ये प्रायमर भरत होते. तेवढ्यात वरचा आकडा सरकला आणि दार खाली यायला लागलं. मी झेप घेतली आणि खालच्या कडेला, आतल्या बाजूने, पंजाने पकडलं. नीट अडकवलं. बाबांनी मागे वळून बघेपर्यंत मी हातमोजे घालून उभी होते. पुन्हा पुसायला हवं होतं. पण तसं म्हटलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं आणि मग अर्धा तास बोलणी खावी लागली असती. माझे हात स्वच्छ आहेत, काय होणार, असं म्हणून मी गप्प बसले. दहा मिनिटांत दार प्रायमरखाली गेलं आणि मी ते विसरून गेले.

अकरा महिन्यांनी डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. भांडायला नाही, बिचाऱ्या दाखवायला आल्या होत्या. डाव्या दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या कडेला, रंगाखाली फोड आले होते. ओळीने चार लहान, आणि जरा बाजूला एक मोठा. लहान मुलानेही सांगितलं असतं की हा हात आहे. मालकीणबाईंनी सुरीच्या टोकाने एक फोड उचलला. आत तपकिरी.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना खुर्ची दिली, दार दुरुस्त करून द्यायचा शब्द दिला, आणि त्या गेल्यावर आम्हाला तिघांना दारापाशी बोलावलं. वेल्डर, बाबा आणि मी. "काका?" एवढंच म्हणाल्या.

बाबांनी चष्मा लावला. वाकून दिव्याच्या उजेडात ते फोड इतका वेळ बघत राहिले, की वेल्डर अस्वस्थ होऊन पाय हलवायला लागला. मग ते उभे राहिले. त्यांनी वेल्डरकडे बघितलं, मालकीणबाईंकडे बघितलं, भिंतीवरच्या पाटीकडेही बघितलं. माझ्याकडे फक्त नाही बघितलं.

"माझा हात आहे," ते म्हणाले.

"गंज्या, नीट बघ," वेल्डर म्हणाला. "तुझा पंजा केवढा."

"रंगाखाली फोड आकसतो. माझाच आहे."

मालकीणबाईंना ते आवडलं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण अट त्यांनीच घातली होती, वेल्डरसमोर घातली होती. "काका, आपलं काय ठरलं होतं?"

"आठवतंय मला." बाबांनी गन थिनरने धुतली, खिळ्याला अडकवली, एप्रन काढून घडी केला आणि ते बाहेर पडले.

आता माझ्याबद्दल खरं सांगते, कारण तेच सांगायला मी बसले आहे. दार बघताक्षणी मला ती दुपार आठवली होती. पण माझे हात तर स्वच्छ. म्हणजे माझ्यानंतर किंवा माझ्याआधी बाबांनीही कुठेतरी पकडलं असणार, असा हिशोब मी मनातल्या मनात केला आणि माझी सुटका करून घेतली. नंतर मला राग आला. घरी जाताना रस्त्यात मी त्यांना अद्वातद्वा बोलले. "आयुष्यभर जगाला शिकवलंत. मला दिवसातून दहा वेळा हातमोजे घालायला लावलेत. आणि स्वतः काढून बसलात? लोकांना काय तोंड दाखवू मी?" ते माझ्या बरोबरीने चालत होते. फळांच्या दुकानापाशी जरा थांबले, म्हणाले, "चूक माझीच आहे. तू म्हणतेस ते बरोबर आहे." त्याने तर माझं डोकं आणखीच फिरलं.

मग बाबा घरी बसले. बसले म्हणजे काय, खिडकीचे गज घासून रंगवले. ते वाळल्यावर पुन्हा घासून रंगवले. तिसऱ्यांदा घासायला घेतले तेव्हा आई म्हणाली, "अहो, आता गज संपतील." ते हसले नाहीत. पोटापाण्याची चिंता नव्हती, आईचं मशीन चालत होतं, माझं कामही होतं. पण सकाळी साडेआठ वाजले की ते चपला घालून दारापर्यंत जायचे आणि परत येऊन चपला काढायचे. ते बघवत नव्हतं. मी रागावलेली होते म्हणून बघू शकले.

चौथ्या दिवशी सुट्टी होती. ते दार आता मला एकटीला करायचं होतं, आणि बारीक पॉलिश पेपर वर्कशॉपमध्ये संपला होता. बाबांच्या पलंगाखाली त्यांचा एक पत्र्याचा डबा असतो, त्यात असला माल असतो. बाबा बाहेर गजांशी लढत होते. मी डबा ओढला. पॉलिश पेपरच्या खाली, तेलकट कागदात गुंडाळलेली, एक पट्टी होती.

कागदावर बाबांच्या अक्षरात तारीख होती. मी कामाला लागले त्याच्या आदल्या आठवड्यातली. पट्टीवर चार बोटं आणि एक अंगठा, चहाच्या रंगाचे, स्वच्छ उमटलेले. पुसून जाऊ नयेत, पुढे पसरू नयेत, म्हणून वरून पारदर्शक लॅकर मारलेलं, एकही थेंब ओघळू न देता, त्यांच्या पद्धतीने. करंगळीचा ठसा बाहेरच्या बाजूला वाकडा होता. चौथीत सायकलवरून पडून माझी करंगळी मोडली होती, ती तशीच वाकडी जुळलेली आहे. आमच्या घरात अशी करंगळी दुसऱ्या कुणाचीच नाही.

दाराशी आई उभी होती. "सापडली का शेवटी," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"तू सहावीत होतीस तेव्हापासून मला माहीत आहे. माझ्या सुयांचं अख्खं पाकीट गंजवलं होतंस. धांदरट म्हणून नव्हते अडवत गं मी."

"मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"ते नको म्हणाले. म्हणाले, पोरीला नाव पडेल. एकदा पडलं की सुटत नाही."

मी पट्टी घेऊन बाहेर गेले. बाबांनी ती बघितली आणि हातातला ब्रश डब्यावर आडवा ठेवला. मी विचारलं, "दारावरची करंगळी ओळखलीत ना तुम्ही?"

"वाकडी होती," ते म्हणाले.

"मग 'माझा हात' का म्हणालात?"

"मी तुला खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तू ते दार धरल्यावर मला हाक मारली असतीस. पुसून घेतलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं." त्यांनी बोटाला लागलेला रंग फडक्याला पुसला. "मग सांग, चूक कुणाची?"

मला रस्त्यात त्यांना बोललेलं एकेक वाक्य आठवलं आणि मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. शेजारीण गॅलरीतून वाकून बघायला लागली तरी रडत राहिले. बाबांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच कळलेलं नाही. ते म्हणाले, "पट्टीवर पडलं तरी चालेल. लॅकर आहे त्याच्यावर."

मग त्यांनी मला बजावलं, की हे घराबाहेर काढायचं नाही. त्यांचे दिवस तसेही संपतच आले होते, माझे सुरू व्हायचे होते, वगैरे. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मला विचारलं होतंत, मला कुठलं नाव चालेल ते?" बाबांनी ब्रश पुन्हा उचलला, पण रंगवलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवली. वेल्डरलाही मुद्दाम बोलावून घेतलं. आकडा सरकला तिथपासून सगळं सांगितलं, बाबांनी पट्टीबद्दल मला काय सांगितलं होतं तेही. मालकीणबाई उठल्या, पट्टी घेऊन दारापाशी गेल्या आणि फोडांच्या शेजारी धरली. वेल्डर म्हणाला, "मी म्हटलंच होतं, त्याचा पंजा केवढा."

"आता मीही जायचं का, ताई?" मी विचारलं. ते काम मला हवं होतं, हे मला त्या क्षणापर्यंत इतकं कळलं नव्हतं.

"अट काकांसाठी होती," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी काही ठरलेलं नव्हतं, कारण तुझ्याबद्दल मला कुणी खरं सांगितलंच नव्हतं. आज सांगितलंस. आता तीच अट तुलाही. आणि काकांना बोलावून घे. माझ्याशी खोटं बोलले, त्याचं काय करायचं ते मी त्यांच्याशी बघते."

त्यांनी काय बघितलं ते मला माहीत नाही. खोलीचं दार बंद करून दहा मिनिटं दोघं आत होते, आणि बाबा बाहेर आले तेव्हा कान धरून उभं केल्यासारखे दिसत होते. ते आधी खिळ्यापाशी गेले, गन आहे का बघितलं.

आम्ही दोघांनी मिळून ते दार पुन्हा नागडं केलं. फोडांखालचा पत्रा घासून घासून चकाकेपर्यंत नेला. बाबांनी मला दोन जोड हातमोजे दिले. "एकावर एक घाल. आतला घामाने भिजला की बदल. मी तसंच करतो." इतक्या महिन्यांत ही युक्ती त्यांनी मला सांगितली नव्हती. सांगणार कशी? ती फक्त आमच्यासारख्यांच्या कामाची.

पुसून झालं. त्यांनी मास्क चढवला, गन सुरू केली आणि वरच्या कडेपासून प्रायमरचा पहिला पट्टा मारायला घेतला. मी बाजूला उभी राहून बघत होते. तेवढ्यात पलीकडून वेल्डर ओरडला, "ए गंजे, तो हातदिवा आण जरा इकडे."

पट्टा अर्ध्यावर असताना बाबांचा हात थांबला. पस्तीस वर्षं स्वतःला मारलेली ती हाक ऐकून ज्यांनी कधी मानही वळवली नव्हती, त्यांचे कान मास्कच्या पट्टीमागे लाल झालेले मला दिसले.

"आले," मी म्हटलं. दिवा उचलला, वेल्डरला नेऊन दिला आणि परत येऊन माझ्या जागी उभी राहिले. बाबा माझ्याकडे बघत होते. मी भुवया उडवल्या. मग त्यांनी पुन्हा गन सुरू केली.

दाराच्या मधोमध जोडाची रेघ राहिली. प्रायमर वाळल्यावर ती पॉलिश पेपरने घासून काढायला मला अख्खी सकाळ लागली, आणि त्याबद्दल मी त्यांना एका शब्दाने बोलले नाही.